निवळीच्या बीपासून समुद्रशैवालापर्यंत : पाण्यातून औषध काढण्याचा इतिहास

#थ्रेड #इतिहास #पाणी

१/
नेवासा तालुक्यातील सोनई हे गाव समुद्रकिनाऱ्यापासून सुमारे दोनशे किलोमीटर आत, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वसले आहे. इथले पाणी मुळा धरणाच्या कालव्याचे, विहिरीचे आणि कूपनलिकेचे. तरीही समुद्राच्या खडकांवर वाढणाऱ्या तपकिरी शैवालाची गोष्ट सोनईपासून सांगता येते. ऊस, गूळ, साखर, दूध आणि नदी हे त्या गोष्टीचे पाचही धागे या गावाच्या शिवारात एकत्र येतात.

२/
प्रश्न साधा आहे. पाणी स्वच्छ आहे हे माणसाने आजवर कसे ओळखले? प्रत्येक काळाने त्याचे वेगळे उत्तर दिले. आधी डोळ्यांनी, मग सूक्ष्मदर्शकाने. आता प्रश्न आहे तो या दोहोंनाही न दिसणाऱ्या गोष्टीचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या औषधांचा. ती बाहेर काढण्याच्या उपायांत जगभरच्या प्रयोगशाळांत समुद्रशैवालाचे नाव घेतले जाते. ते नाव तिथवर कसे पोहोचले, त्याचा हा धांडोळा.

३/
आरंभ नदीपासून. हरिश्चंद्रगडाच्या परिसरात उगम पावणारी मुळा नेवाशाच्या परिसरात प्रवरेला मिळते आणि प्रवरा टोक्याजवळ गोदावरीला. या खोऱ्यातील वस्ती फार जुनी. डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. ह. धी. सांकलिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात नेवाशात उत्खनन केले आणि ताम्रपाषाणयुगीन माणसाचे घर उजेडात आणले. प्रवरेकाठच्या ज्या गावावरून ‘जोर्वे’ संस्कृतीचे नाव पडले, तेही याच जिल्ह्यातले. त्या लोकांच्या तोटीच्या भांड्यांतले पाणी याच नद्यांचे होते.

४/
पावसाळ्यात या नद्यांना येणारे पाणी गढूळ. त्यावरचा जुना उपाय म्हणजे निवळी. या झाडाची बी मातीच्या भांड्याच्या आतल्या बाजूस घासायची आणि पाणी ठेवून द्यायचे. बियांतील चिकट पदार्थ गाळाच्या कणांना एकत्र बांधतात, कण जड होऊन तळाशी बसतात. ‘पाणी निवळणे’ या क्रियापदाची निवळीशी असलेली जवळीक उघड आहे. संस्कृतात या झाडाला ‘कतक’ म्हणतात. कतकाचे केवळ नाव घेतल्याने पाणी स्वच्छ होत नाही, हा दृष्टान्त मनुस्मृतीतही आला आहे.

५/
इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत आजचे रूप घेत गेलेल्या सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी निवळवणारी सात साधने सांगितली आहेत. कतक, गोमेद, कमळाच्या देठाची गाठ, वस्त्र, मोती, मणी आणि सातवे शैवालमूळ. इथे एक मोह टाळणे आवश्यक आहे. ‘प्राचीनांना सारे ठाऊक होते’ असा निष्कर्ष यातून निघत नाही. ते शैवाल गोड्या पाण्यातले आणि उद्देश गाळ बसवण्याचा. औषधांचे अवशेष हा प्रश्नच त्या काळी अस्तित्वात नव्हता.

६/
या यादीतून मिळते ती दुसरी गोष्ट. वनस्पतीतील चिकट द्रव्य पाण्यातील नको असलेला पदार्थ धरून ठेवते, हे निरीक्षण जुने आणि पक्के होते. पुढे घराघरांत हंड्यात तुरटी फिरवली जाऊ लागली, तिचे कामही त्याच जातीचे. या साऱ्या तंत्रांची कसोटी मात्र एकच होती, डोळा. पाणी नितळ दिसले की ते शुद्ध. हे समीकरण एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकले.

७/
ते पटकीने मोडले. पंढरीच्या वारीत आणि नाशिकच्या सिंहस्थात पटकीने घेतलेल्या बळींच्या नोंदी एकोणिसाव्या शतकातील सरकारी कागदपत्रांत जागोजागी आहेत. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांना कलकत्त्यातील एका तलावाच्या पाण्यात पटकीचा जंतू सापडला. नितळ पाणीही मारू शकते, हे सिद्ध झाले. त्यानंतर विहिरींत परमँगनेट टाकण्याची मोहीम आली आणि विसाव्या शतकात क्लोरीन.

८/
आज ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकीत टीसीएल पावडर टाकतो, नळाच्या पाण्याची ओटी चाचणी घेतो आणि पिवळा रंग आला की पाणी पिण्यास योग्य समजले जाते. या व्यवस्थेने लाखो जीव वाचवले, यात शंका नाही. परंतु तिची कसोटी जंतूंपुरती आहे. जंतू मेले की पाणी शुद्ध, हे दुसरे समीकरण. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्यालाही तडा गेला.

९/
तो तडा समजण्यासाठी आधी गुऱ्हाळात डोकवावे लागते. काहिलीत उसाचा रस उकळू लागला की गुळव्या त्यात भेंडीच्या खोडाचा चिकट रस घालतो. थोड्याच वेळात फेसाळ मळी वर येते, ती झाऱ्याने काढून टाकली की रस उजळतो. निवळी जे पाण्यात करते, तेच भेंडी रसात करते. भेंडीच्या त्या बुळबुळीत द्रव्यात युरॉनिक आम्लांच्या लांबच लांब साखळ्या असतात. हे नाव लक्षात ठेवावे, पुढे समुद्रात ते पुन्हा भेटणार आहे.

१०/
गुळाच्या पुढची पायरी साखर. नगर जिल्ह्याचा आधुनिक इतिहास साखरेशिवाय लिहिता येत नाही. प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० च्या अखेरीस सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या त्या प्रयोगानंतर जिल्ह्यात सहकारी कारखान्यांची रांग उभी राहिली. सोनईचा मुळा सहकारी साखर कारखाना त्याच परंपरेतला. मुळा धरणाच्या कालव्याने ऊस आणला आणि उसाने कारखाना.

११/
साखर पांढरी करण्याच्या खटपटीतूनच पाणी शुद्ध करण्याचे सर्वांत बलवान आधुनिक तंत्र जन्माला आले, हे सहसा सांगितले जात नाही. १७८५ मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये टोबियास लोविट्झ या रसायनशास्त्रज्ञाला दिसले की लाकडी कोळसा द्रावणांचा रंग ओढून घेतो. काही वर्षांतच युरोपातील साखर शुद्धीकरणात कोळसा आला आणि १८१० च्या दशकात त्याची जागा हाडांच्या कोळशाने घेतली.

१२/
हा हाडांचा कोळसा हिंदुस्थानात वेगळ्याच कारणाने गाजला. स्वदेशीच्या काळात विलायती साखर हाडांनी शुद्ध केलेली असते, हा बहिष्काराच्या प्रचारातला एक प्रभावी मुद्दा होता. वादाला धार्मिक रंग असला तरी त्यामागची तांत्रिक माहिती खरी होती. भारतीय कारखान्यांनी मात्र रस स्वच्छ करण्यासाठी प्रामुख्याने चुना आणि गंधकाचा धूर ही पद्धत स्वीकारली. आजही बहुतेक ठिकाणी तीच चालते.

१३/
कोळसा रंग ‘खातो’ म्हणजे काय? याला अधिशोषण म्हणतात. शोषणात पदार्थ आत मुरतो, अधिशोषणात तो पृष्ठभागावर चिकटून राहतो. ओल्या हाताला पीठ चिकटावे तसा. पृष्ठभाग जितका मोठा, तितके अधिक चिकटणार. सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅममध्ये असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांच्या भिंती उलगडून पसरल्या, तर चिमूटभर कोळशाचा विस्तार पाच ते दहा गुंठे जमिनीइतका भरतो.

१४/
आता समुद्राकडे. अठराव्या शतकात स्कॉटलंड आणि ब्रिटनीच्या किनाऱ्यांवर समुद्रशैवाल जाळून त्याची राख काच व साबणासाठी विकली जाई. १८११ मध्ये नेपोलियनच्या युद्धांच्या काळात बारुदीसाठी सोरा बनवणाऱ्या बर्नार्ड कुर्त्वा यांना या राखेच्या द्रावणातून जांभळ्या वाफा उठताना दिसल्या. ते आयोडीन होते. १८२० मध्ये जिनिव्हाच्या एका वैद्याने ते गलगंडावर वापरले. समुद्रशैवालाने आधुनिक वैद्यकाला दिलेले हे पहिले मोठे देणे.

१५/
पुढचे पाऊल १८८१ चे. आयोडीनसाठी शैवाल जाळण्यात बाकीचा सारा माल वाया जातो, हे एडवर्ड स्टॅनफर्ड या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाला खुपत होते. शैवाल न जाळता त्यातील उपयुक्त द्रव्य काढण्याचे त्याने पेटंट घेतले. हाती आला एक चिकट पदार्थ, त्याला त्याने ‘अल्जिन’ म्हटले. अल्जिनिक आम्ल म्हणजे दोन युरॉनिक आम्लांची साखळी. गुऱ्हाळातल्या भेंडीचे हे समुद्रातले भावंड.

१६/
अल्जिनेटचा गुण असा की त्याच्या साखळीवर जागोजागी ऋण भार असतो. कॅल्शियमसारखा धन भाराचा कण आला की दोन साखळ्या त्याला मधे घेऊन बसतात. १९७३ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी या रचनेला अंड्यांच्या पेटीची उपमा दिली. पेटीच्या खळग्यात अंडे बसते, तसा साखळ्यांच्या खळग्यात कॅल्शियम. कॅल्शियमच्या जागी शिसे किंवा कॅडमियम आले, तर साखळी त्यांनाही धरते, बरेचदा अधिक घट्ट.

१७/
याच गुणावर १९८० च्या दशकापासून माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात बोहुस्लाव वोलेस्की यांनी काम केले. सरगॅसमसारखे तपकिरी शैवाल वाळवून, कुटून, सांडपाण्यातील जड धातू धरण्यासाठी वापरता येते, हे त्यांच्या व इतरांच्या प्रयोगांनी दाखवले. शैवाल जिवंत असण्याचीही गरज नव्हती, कारण धरण्याचे काम त्याच्या पेशीभित्तिका करत होत्या. धातूंवर हे साधले तेव्हा पुढचा प्रश्न स्वाभाविक होता : औषधांचे काय?

१८/
पण औषधे पाण्यात आली कुठून? त्यासाठी पुणे जिल्ह्यातील पिंपरीला जावे लागते. १९५४ मध्ये तिथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील प्रतिजैविकांचा कारखाना स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी पेनिसिलीन तयार होऊ लागले. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूऐवजी त्याच्या निर्मितिप्रक्रियेला संरक्षण दिले. देशी कंपन्यांनी स्वस्त औषधांचा डोंगर उभा केला. न्यूमोनियाने मरणारे मूल वाचणे ही खेड्यापाड्यांसाठी क्रांतीच होती.

१९/
या क्रांतीची एक बाजू गटारात उतरली. पोटात गेलेले प्रत्येक औषध शरीरात पूर्णपणे मोडत नाही. मधुमेहावरील मेटफॉर्मिन जसेच्या तसे लघवीतून बाहेर पडते, काही प्रतिजैविकांचाही मोठा हिस्सा तसाच जातो. माणसाचे तसेच जनावरांचे. नगर हा दुधाचा जिल्हा. कासदाहावर दिलेले इंजेक्शन गोठ्यातील मुतातून, शेणातून शेतात आणि पुढे ओढ्यात उतरू शकते.

२०/
हे प्रथम लक्षात आले ते अमेरिकेत. १९७६-७७ मध्ये तिथल्या सांडपाण्यात कोलेस्टेरॉलवरील औषधाचा अवशेष, क्लोफायब्रिक आम्ल, सापडले. १९९० च्या दशकात बर्लिनच्या भूजलात आणि नळाच्या पाण्यातही तेच आढळले. २००२ मध्ये अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने ३० राज्यांतील १३९ प्रवाह तपासले. त्यांपैकी ८० टक्के प्रवाहांत औषधे, संप्रेरके वा तत्सम रसायने होती. २०२२ मध्ये १०४ देशांतील २५८ नद्यांची पाहणी प्रसिद्ध झाली, त्यात मेटफॉर्मिन सर्वाधिक वेळा सापडणाऱ्या पदार्थांपैकी एक होते.

२१/
ही प्रमाणे बहुधा फार अल्प असतात. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी ५० लाख लिटर पाण्यात विरघळवली, तर लिटरमागे १०० नॅनोग्रॅम एवढे प्रमाण येते. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल अशा जवळजवळ दोन शेततळ्यांत एक गोळी. इतक्या पातळ अंशाने माणूस लगेच आजारी पडत नाही. ना रंग, ना वास, ना चव. डोळा फसतो आणि ओटी चाचणीही त्याबद्दल काही सांगत नाही.

२२/
मात्र सर्वत्र प्रमाण असे अल्प नव्हते. २००७ मध्ये स्वीडनच्या योआकिम लार्सन यांच्या चमूने हैदराबादजवळच्या पटनचेरू येथील अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे ९० औषध-उत्पादकांचे सांडपाणी प्रक्रिया करून सोडणाऱ्या केंद्राच्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत होते. म्हणजे जवळजवळ प्रत्येक हंड्यात ५०० मिलिग्रॅमची एक गोळी. दिवसाला सुमारे ४४ किलो. साऱ्या स्वीडनला हे औषध पाच दिवस पुरले असते.

२३/
पटनचेरूचे पाणी नक्कावागू ओढ्यातून मांजरेत जाते. मांजरा उगम पावते बीडच्या पाटोदा तालुक्यात, नगरच्या जामखेडला लागून. नगरचे पाणी मुळा-प्रवरेने गोदावरीत जाते, तर मांजरा तेलंगणात कंदकुर्तीला गोदावरीस मिळते. पटनचेरूचे पाणी सोनईला येत नाही, नदी उलटी वाहत नाही. पण शेजारच्या डोंगरांतून निघालेल्या दोन पाण्यांचे नशीब किती वेगळे होऊ शकते, हे या नकाशावरून दिसते. पुढच्या पाहणीत तिथल्या गावांच्या विहिरींतही औषधे आढळली.

२४/
अशा पाण्यातील धोका विषबाधेपेक्षा वेगळा आहे. प्रतिजैविकाच्या सान्निध्यात राहिलेले जीवाणू त्याला दाद न देण्याची क्षमता मिळवतात आणि ती इतर जीवाणूंनाही देतात. उद्या ज्या रुग्णाला तेच औषध लागेल, त्याच्यावर ते निकामी ठरू शकते. १९५५ मध्ये पिंपरीत जे कमावले, ते अशा ओढ्यांमध्ये गमावले जाते. पटकीच्या काळात पाण्याने रोग पसरवला. इथे भीती आहे ती रोगावरचा उपायच पाण्यात बोथट होण्याची.

२५/
औषधाचा अवशेष काय करू शकतो, याचा सर्वांत भीषण पुरावा मात्र पाण्यातून आला नाही, आकाशातून आला. १९९० च्या दशकात भारतातील गिधाडे मरू लागली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी भरतपूरला ही घट नोंदवली. २००४ मध्ये कारण उघड झाले : जनावरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफेनॅक. औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडाने ते खाल्ले की त्याचे मूत्रपिंड निकामी होई.

२६/
पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, पण जी आकाशे रिकामी झाली ती पुन्हा भरली नाहीत. गिधाडे नसल्याने मेलेली जनावरे कुजत राहिली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासाने २००० ते २००५ या काळातील सुमारे पाच लाख अधिकच्या मानवी मृत्यूंचा संबंध या घटीशी जोडला.

२७/
आता पुन्हा शैवाल. गेल्या दोन दशकांत वाळवलेले तपकिरी शैवाल, अल्जिनेटचे मणी आणि शैवालापासून केलेला कोळसा यांवर डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल, टेट्रासायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन अशा औषधांचे प्रयोग जगभर झाले. त्यांतून एक मर्म हाती लागते. शैवालाचा भार ऋण. धन भाराचे औषध त्याला चिकटते. डायक्लोफेनॅकचाही भार सामान्य पाण्यात ऋणच असतो, म्हणून कच्चे शैवाल त्याला दूर लोटते. त्यासाठी शैवालाचा कोळसा करावा लागतो किंवा त्यावर प्रक्रिया करावी लागते.

२८/
अडचणी आणखी आहेत. प्रयोगशाळेतल्या पाण्यात एकच औषध असते. खऱ्या सांडपाण्यात शेकडो पदार्थ त्याच जागेसाठी भांडतात. कच्चे शैवाल पाण्यात फुगते आणि स्वतःचीच द्रव्ये सोडते. औषधाने भरलेले शैवाल नंतर टाकायचे कुठे, हा प्रश्न उरतोच. कॅरिबियन किनाऱ्यांवर २०११ पासून सरगॅसमचे ढीग येऊन पडतात, तिथे हा कच्चा माल फुकट आहे. मालवणच्या खडकांवरून शैवाल खरवडून घाटावर आणणे हा मात्र निसर्गावरच नवा भार ठरेल.

२९/
महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरचे शैवाल अनोळखी नाही. डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ बर्गेसन १९२७-२८ मध्ये हिंदुस्थानात आले आणि मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यावरील शैवालांच्या शास्त्रीय नोंदी त्यांनी प्रसिद्ध केल्या. १९५४ मध्ये भावनगरला केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्था उभी राहिली. तिच्या संशोधनाच्या आधारे बनलेले ‘सागरिका’ हे शैवालार्काचे द्रावण आज राज्यभरच्या कृषी सेवा केंद्रांत मिळते. म्हणजे समुद्रशैवाल उसाच्या पट्ट्यात बाटलीतून केव्हाच पोहोचले आहे. पिकाच्या पानांवर, पाण्याच्या गाळणीत नव्हे.

३०/
उसाच्या गावाला समुद्राकडेच पाहायला हवे असेही नाही. बगॅस, म्हणजे उसाचे चिपाड, हाही अधिशोषणाचा कच्चा माल. कारखान्यांच्या बॉयलरमधून निघणाऱ्या बगॅसच्या राखेने पाण्यातील धातू व कीटकनाशके धरता येतात, असे प्रयोग रुरकीला झाले आहेत. शैवालाने शिकवले ते तत्त्व : टाकाऊ वनस्पतीच्या साखळ्यांत आणि छिद्रांत धरून ठेवण्याची शक्ती असते. ती वनस्पती किनाऱ्यावर शैवाल असेल, गोदाकाठी ऊस.

३१/
मग अडते कुठे? उत्तर विज्ञानात कमी आणि जबाबदारीत अधिक आहे. स्वित्झर्लंडने २०१६ पासून निवडक सांडपाणी केंद्रांत ओझोन वा सक्रिय कोळशाची जादा पायरी कायद्याने आणली. २०२४ मध्ये युरोपीय संघाने या पायरीचा किमान ८० टक्के खर्च औषध व सौंदर्यप्रसाधन उत्पादकांवर टाकला. भारतात जानेवारी २०२० मध्ये १२१ प्रतिजैविकांसाठी सांडपाण्यातील मर्यादा सुचवणारा मसुदा आला होता. ऑगस्ट २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत त्या मर्यादा नव्हत्या.

३२/
पाणी निवळण्याचा इतिहास म्हणजे ओझे कोणी उचलायचे याचाही इतिहास आहे. निवळी आणि तुरटीच्या काळात ते घरातल्या बाईच्या डोक्यावरच्या हंड्याबरोबर होते. क्लोरीनच्या काळात ते नगरपालिका आणि ग्रामपंचायतीने घेतले. औषधांच्या काळात ते घराला पेलणारे नाही, कारण जे दिसत नाही ते हंड्यात निवळता येत नाही. जलसुरक्षकाच्या टीसीएलनेही ते जात नाही, उलट काही रेणूंचे केवळ रूप बदलते.

३३/
सोनईच्या शिवारातून निघालेले पाणी ओढ्यांनी, नद्यांनी अखेर नाथसागरात जमा होते. पैठणच्या त्या जलाशयावर छत्रपती संभाजीनगरची तहान भागते. वरच्या गावाचे सांडपाणी हे खालच्या शहराचे पिण्याचे पाणी, हे या खोऱ्यातले साधे सत्य. म्हणून प्रश्न एका गावाचा नाही. गोठ्यात डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय टोचलेले इंजेक्शन, मोरीत ओतलेले उरलेले औषध आणि दूरच्या कारखान्याचा नळ, हे तिन्ही एकाच नदीच्या हिशेबात जमा होतात.

३४/
कतकाचे नाव घेतल्याने पाणी स्वच्छ होत नाही, हा मनुस्मृतीतला दृष्टान्त आज समुद्रशैवालालाही लागू आहे. शैवाल औषध धरू शकते हे प्रयोगांनी दाखवले, पण नुसत्या नावाने नदी निवळत नाही. बी भांड्याला घासावी लागते. घासणारा हात कोणाचा, हे ठरवणे हा या इतिहासाचा अजून न लिहिलेला भाग आहे.

#थ्रेड समाप्त